पैसे नाहीत आणि पोथी पाहिजे: पीडीएफ उतरवायच्या आधी काय काय करून बघायचं

नागपूरच्या नंदनवनला माझं झेरॉक्सचं दुकान आहे, सोबत मराठी टायपिंग, लग्नपत्रिका, छोट्या पुस्तकांचं डीटीपी असं सगळं चालतं. आठवड्यातून दोन-तीन जण तरी मोबाईल पुढे करतात, दादा ही पोथी व्हॉट्सअपवर आली, प्रिंट काढून द्या नं. आधी मी काहीच विचारत नव्हतो, गिऱ्हाईक आलं, काढून दिली, स्पायरल मारून दिली, झालं. आता विचारतो. काहून विचारतो ते पुढे येईलच, पण खिशात खरंच पैसे नाहीत आणि धर्माचं पुस्तक वाचायचंय अशा माणसाने नेमकं करावं काय, हे मी काउंटरवर उभं राहून इतक्यांदा सांगितलंय की आता एकदा नीट लिहूनच ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. तंगीत कोणी पीडीएफ उतरवून वाचली तर मी त्याला चोर म्हणत नाही. पोरीची फी भरायची का सातशेचं पुस्तक घ्यायचं यात पुस्तक मागे पडणारच. पण डाउनलोडचं बटन दाबताना मनात जे जरासं खटकतं ते खोटं नसतं, ते दाबून टाकू नका, कारण बहुतेक वेळा त्या खटकण्याच्या पलीकडे एक सरळ रस्ता असतो आणि आपण तो बघायच्या आधीच बटन दाबून मोकळे होतो.

पहिले प्रिंटचा हिशोब करा. मागच्या श्रावणात एक काकू आल्या, गुरुवारपासून पारायणाला बसायचं होतं, मोबाईलमध्ये गजानन विजयची पीडीएफ. दोनशेच्या वर पानं, माझा रेट पानाला दोन रुपये, स्पायरलचे वेगळे. काकूंनी पाकिटातून चार घड्या घातलेली पाचशेची नोट काढून काउंटरवर ठेवली. मी फाईल खाली-खाली सरकवून बघत होतो तर तेराव्या अध्यायानंतर एकदम पंधरावा, मधला अध्यायच गायब. कोणीतरी मोबाईलने एकेका पानाचे फोटो काढून फाईल बनवलेली, दोन-चार पानांच्या कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा पण दिसत होता. म्हटलं काकू, एकवीस अध्यायांची पोथी ही, यात वीसच आहेत, पारायण पुरं कसं होणार? आणि शेगाव संस्थानची छापील पोथी याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते, चांगली मोठ्या अक्षरातली. त्यांना हे माहीतच नव्हतं, त्यांना वाटलं मोबाईलमधलं म्हणजे फुकटचं. नोट परत पाकिटात गेली आणि त्यांनी पोथी विकत आणली. मग मीच तिला प्लास्टिकचं कव्हर घालून दिलं.

धर्माच्या पुस्तकांचं हे असं आहे, इंजिनियरिंगच्या पुस्तकासारखं नाही. संस्थानं, आश्रम, ट्रस्ट हे मुद्दाम स्वस्तात छापतात, गीता प्रेस तर १९२३ पासून तेच काम करून राहिली आहे, मोठ्या रेल्वे स्टेशनांवर त्यांचे स्टॉल असतात, एकदा जाऊन किमती बघा, कित्येक पुस्तकं चहा-समोशाच्या पैशात येतात. आपल्याकडे सिव्हिल लाईन्सला शासकीय मुद्रणालयाचं ग्रंथागार आहे, तिथे शासनाने छापलेले ग्रंथ बाजारापेक्षा पुष्कळ कमी किमतीत असतात, बाबासाहेबांच्या लेखनाचे खंड तिथलेच. स्टॉक कधी असतो कधी नसतो, म्हणून आधी चौकशी करून जा, एवढ्या उन्हात खेप वाया जायला नको. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तर काही सांगायलाच नको, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पुस्तकंच पुस्तकं. लोक खेड्यापाड्यातून येतात, मुक्कामाला पटांगणात झोपतात आणि जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. ज्यांना वाटतं गरीब माणूस पुस्तक विकत घेत नाही त्यांनी एकदा ती गर्दी बघावी. तुम्हाला जे पाहिजे ते दसऱ्यापर्यंत थांबू शकत असेल तर थांबा, वर्षभराची यादी करून ठेवा आणि तिथे घ्या.

आता समजा विकत घेणं जमतच नाही. मग बघायचं की पुस्तक कोणाचं आहे आणि तो लेखक कधी गेला. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यात हिशोब साधा आहे, लेखक गेल्यानंतर पुढच्या जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची, ती संपली की पुस्तक सगळ्यांचं. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९०, तुकोबांची गाथा, दासबोध, एकनाथी भागवत, यांच्या मूळ ओव्या-अभंगांवर कोणाचाच हक्क नाही, बिनधास्त उतरवा, मराठी विकिस्रोतवर यातलं बरंच सापडतं. गजानन विजय लिहिणारे दासगणू महाराज १९६२ मध्ये गेले, म्हणजे २०२२ संपलं तेव्हा त्यांची साठ वर्षं पुरी झाली. म्हणून काकूंच्या पीडीएफमध्ये पाप काही नव्हतं, फक्त तिचा एक अध्याय हरवला होता आणि ती पोथीपेक्षा महाग पडत होती. ग्रामगीता बघा, तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले, तर ही मुदत ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत येते. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले, त्यांच्या हयातीत छापलेल्या पुस्तकांची मुदत २०१६ अखेर संपली. पण बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ मूळ इंग्रजीत त्यांच्या नंतर १९५७ मध्ये निघाला, आणि लेखकाच्या मागे निघालेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तो २०१७ अखेर मोकळा झाला. त्यांचे इंग्रजी खंड तर परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाईटवर पीडीएफमध्येच ठेवलेले आहेत, सरकारनेच दिलेत, कोणाला विचारायची गरज नाही.

इथे एक मोठी गफलत होते, दुकानात रोज बघतो. लोक म्हणतात ज्ञानेश्वरी तर सातशे वर्षं जुनी, मग तिचा कसला कॉपीराईट? बरोबर, ओवीचा नाहीच. पण तुमच्या हातातली सार्थ ज्ञानेश्वरी आहे, ओवीच्या खालचा अर्थ कोणीतरी आजच्या माणसाने वर्षानुवर्षं बसून लिहिलाय, टीपा दिल्यात, कठीण शब्दांचा कोश लावलाय, तो त्याचा आहे. भाषांतराचंही तेच, मूळ ग्रंथ मोकळा झाला तरी भाषांतर करणाऱ्याची साठ वर्षं वेगळी चालतात. भदंत आनंद कौसल्यायन १९८८ मध्ये आपल्या नागपुरातच गेले, त्यांनी बाबासाहेबांच्या त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला होता, त्या अनुवादाची मुदत २०४८ पर्यंत जाते. तरी तोच अनुवाद तैवानच्या बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशनने छापून फुकट वाटलेला आहे, आतमध्ये मोफत वाटपासाठी, विक्रीसाठी नाही असं लिहिलेलं असतं, इथल्या इंदोरा वस्तीत कित्येक घरांत ती प्रत सापडेल. म्हणजे मुदत चालू असली तरी पुस्तक दिलेलं असू शकतं, आणि पुस्तक जुनं असलं तरी त्याच्या खालचा अर्थ न दिलेला असू शकतो. म्हणून फाईल उघडली की पहिलं पान आणि शेवटचं पान वाचा, प्रकाशक कोण, साल काय, वाटपाबद्दल काय लिहिलंय. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि ज्यांनी स्वतःहून फुकट दिलंय ते आधी वापरा. तिपिटक, म्हणजे बौद्धांचे मूळ पाली ग्रंथ, पाहिजे तर विपश्यना विशोधन विन्यासाने अख्खं पाली तिपिटक नागरी लिपीसकट ऑनलाईन ठेवलंय. मराठी बायबल ॲपवर फुकट आहे. कुराणाची मूळ अरबी आयत कुठेही मिळते, भाषांतरं मात्र कोणाची आहेत ते बघा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं त्यांच्या साईटवर आहेत, संतसाहित्यावरची पण. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन पुस्तकं देतं. टेलिग्रामच्या चॅनलवरून पोथीच्या नावाने एपीके फाईल, म्हणजे मोबाईलमध्ये ॲप बसवणारी फाईल, आली तर अजिबात उघडू नका, पोथी कधी एपीकेमध्ये नसते, त्यातून मोबाईलमधलं बँकेचं सगळं जाऊ शकतं. माझ्याकडे एक आजोबा रडत आले होते, त्यांना पोलीस स्टेशनला घेऊन गेलो तेव्हा कळलं की अशी कितीतरी माणसं रोज तिथे येतात.

वाचनालयाचं लोकांना का सुचत नाही मला खरंच कळत नाही. झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, बर्डीवर राजाराम वाचनालय आहे, शासकीय विभागीय ग्रंथालय आहे, वर्गणी आणि अनामत मिळून एका जाड ग्रंथाच्या किमतीएवढ्या पैशात वर्षभर वाचायला मिळतं. पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहून या, दोन-तीन जणांनी लिहिलं की ग्रंथपाल मागवतात. तुमच्या सोबतच्या भजनी मंडळात नाहीतर विहारात पाच जण असतील तर पाच जणांत एक प्रत घ्या, आठवडा-आठवडा फिरवा, छापील प्रत फिरवायला कायद्याचीही आडकाठी नाही आणि मनाचीही नाही. जुन्या पुस्तकांच्या फुटपाथवर पण चक्कर मारा, कोणाच्या घरचे आजोबा गेले की त्यांचे ग्रंथ तिथे येतात, कधी कधी आत त्यांच्या हातच्या खुणा पण असतात. डोळ्याने दिसत नसेल तर गोष्ट आणखी सोपी आहे, २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यातच सूट दिलीय की दृष्टिहीन माणसाला वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाची प्रत करता येते, सुगम्य पुस्तकालय नावाचं ऑनलाईन ग्रंथालय त्यासाठीच आहे. आईला ऐकवायला कोणी फाईल मागितली तर मी आता एका शब्दाने अडवत नाही.

आता काहून विचारतो ते सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वी एक रिटायर मास्तर यायचे, नाव सांगत नाही. पालीतल्या सुत्तांचं, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांचं, सोप्या मराठीत भाषांतर करत होते, वहीत हाताने लिहून आणायचे आणि मी टाईप करायचो. रोज दुपारी चार वाजता, सोबत डब्यात चिवडा, मला अर्धा द्यायचे. आठ महिने चाललं ते. एकेका शब्दावर अडायचे, म्हणायचे वेदना म्हणजे दुखणं नाही रे बाबा, लोक दुखणं समजतील, टीप द्यावी लागेल. पेन्शनमधून पाचशे प्रती छापल्या. शंभरेक गेल्या असतील तेवढ्यात कोणीतरी स्कॅन करून ग्रुपवर टाकली, आणि मग विचारायला येणाऱ्यांनी येणंच बंद केलं, कशाला येतील, मोबाईलमध्येच होतं. एके दिवशी मास्तर आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले, काउंटरवर एक ताजं स्पायरल ठेवलेलं, दुकानातल्या पोऱ्याने कोणा गिऱ्हाईकासाठी काढलेलं. मास्तरांनी सहज उचललं. त्यांचंच पुस्तक, मीच टाईप केलेलं, माझ्याच मशीनमधून निघालेलं. त्यांनी पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं, तिथे माझी एक चूक राहून गेली होती, वेलांटीची, ती दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू असं आमचं ठरलं होतं. म्हणाले, हे राहूनच गेलं आपलं. आधार कार्डाचे दोन रुपये ठेवले आणि गेले. दुसरी आवृत्ती निघाली नाही, ती वेलांटी आजही तशीच फिरून राहिली आहे.

त्या रात्री मी पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलावर थांबलो. लहानपणापासून म्हणतो, अदिन्नादाना वेरमणी. आपण पटकन अर्थ सांगतो की चोरी करणार नाही. पण शब्द चोरीचा नाहीच, शब्द आहे अदिन्न, न दिलेलं. जे मला दिलेलं नाही ते मी घेणार नाही. अट्ठकथेत, म्हणजे पाली ग्रंथांवरच्या जुन्या टीकेत, त्याची पाच अंगं सांगितलीत: वस्तू दुसऱ्याची असणं, ती दुसऱ्याची आहे हे आपल्याला ठाऊक असणं, ती लाटायचा मनसुबा, त्यासाठी केलेला प्रयत्न, आणि ती घेतली जाणं. यात माहीत असणं आणि मनसुबा या दोन गोष्टी आहेत, म्हणून ज्या गिऱ्हाईकाला माहीतच नव्हतं त्याचं वेगळं आणि माझं वेगळं, मला तर प्रत्येक पान माहीत होतं. जैन घरातही अदत्तादान हाच शब्द चालतो, योगसूत्रात अस्तेय आहे, आणि मुस्लिम धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८८ च्या कुवेतच्या बैठकीत लेखकाचा हक्क हा खरा हक्क आहे असं ठरवलंय. बोलणारे वेगळे पण सगळे बोट एकाच ठिकाणी ठेवतात, देणाऱ्याने दिलंय का.

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात आणि दोन्हीत दम आहे. एक, कॉपी केल्याने पुस्तक तिथून जात नाही, सायकल नेल्यासारखं नाही ते. खरं आहे. म्हणून मी त्याला सायकलचोरी म्हणत नाही, मजुरी बुडवणं म्हणतो, काम झालं आणि हातात काही पडलं नाही. दुसरं म्हणतात, धर्माचं ज्ञान विकायचंच नसतं, तुकोबा सांगून गेले शब्द वाटूं धन जनलोकां. मी यावर खूप विचार केला. तुकोबा स्वतःचं धन वाटत होते. दुसऱ्याच्या घरचं उचलून वाटलं तर ते दान आपलं कसं होईल? मास्तरांनी वाटलं असतं तर तो धम्मदानाचा मान त्यांचा होता, ग्रुपवाल्याने त्यांचा तो मानही घेतला.

म्हणून सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी कोणी करत नाही: विचारा. पुस्तकावर लेखकाचा नाहीतर प्रकाशकाचा फोन असतो. छोटे प्रकाशक स्वतःच फोन उचलतात. मेसेज असा करा, मी गिऱ्हाईकांना हाच टाईप करून देतो:

“नमस्कार सर, मी नागपूरला राहतो, तुमचं अमुक पुस्तक वाचायचंय. सध्या कामधंदा बंद आहे, पूर्ण किंमत देणं होत नाही. जुनी किंवा डाग पडलेली प्रत कमी किमतीत मिळेल का, किंवा दोन-तीन हप्त्यात पैसे दिले तर चालेल का? पीडीएफ देणार असाल तर मी ती कोणाला पाठवणार नाही.”

लाजू नका. धर्माची पुस्तकं लिहिणारी माणसं पैशासाठी लिहितच नाहीत, वाचणारा सापडला की त्यांना आनंदच होतो. मास्तरांकडेच मी आतापर्यंत दहा-बारा जण पाठवले, एकालाही त्यांनी रिकाम्या हाताने परत केलं नाही, कोणी शंभर दिले, कोणी महिना-महिना पन्नास, एका पोट्टीने पैशाऐवजी त्यांना पाच सुत्तं वाचून दाखवली.

आणि एवढं सगळं करूनही नाहीच मिळालं तर? पुस्तक बाजारात नाही, वाचनालयात नाही, प्रकाशक बंद पडलाय, लेखकाचा पत्ता नाही, आणि फाईल समोर आहे. माझं मत विचाराल तर वाचा. कायद्यात खाजगी वाचन-अभ्यासासाठी काही सूट आहे, पण अख्खं पुस्तक त्याच्यात बसतंच असं धरून चालू नका. आणि वाचलं तर स्वतःपुरतं ठेवा. पुढे पाठवू नका, प्रिंटा काढून मंडळात विकू नका, स्वतःच्या नावाचं पान लावून वाटू नका. जाणूनबुजून असा धंदा करणाऱ्याला कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षांची कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांचा दंड आहे. माझे दुकानदार भाऊ दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाबद्दल हायकोर्टाने २०१६ मध्ये दिलेल्या निकालाचं नाव घेतात, तो निकाल शिकवण्याच्या कामासाठी काढलेल्या झेरॉक्सचा होता, पोथ्यांच्या धंद्याचा नाही.

आधीच डाउनलोड करून बसला असाल तर यादी करा, कोणाकोणाचं घेतलंय. हात मोकळा झाला की त्यातल्या जिवंत लेखकांचं एकेक पुस्तक विकत घ्या, घरी जागा नसेल तर वाचनालयात नाहीतर विहारात देऊन टाका. मी मास्तरांच्या वीस प्रती घेतल्या, दोन हप्त्यात, काउंटरच्या मागच्या फळीवर ठेवल्यात. कोणी त्यांची फाईल घेऊन आलं की मी मशीन सुरू करत नाही, फळीवरची प्रत काढून देतो, छप्पन्नाव्या पानावरची वेलांटी पेनाने दुरुस्त केलेली असते.